बावटे नसलेला मोर्चा

मी मूळची चिंचणीची, मांगेल्यांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातली. २०१४च्या जूनमध्ये झरीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा तलासरी तालुक्यातलं मला हमरस्त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. ऑगस्टमध्ये ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा झाला आणि जिकडेतिकडे सरकारी आवारांच्या भिंती रंगवायची टूम निघाली. तशाच एका भिंतीसमोर मी काकड्या वरठाला पहिल्यांदा पाहिलं. साठी ओलांडलेली, काटक अंग, अर्धी चड्डी, वर विटका सदरा, कानावर बांबूची काडी खोचलेली. तीच त्याची कुंचली.

त्याला तारपा नाच काढायला सांगितलं होतं. त्यानं माणसांची वळणं घेत जाणारी लांबलचक रांग काढली. पाहणीला आलेले एक साहेब खूश झाले.

"वा, काय सुंदर नाच आहे!"

"नाच नाय तो," काकड्या शिडीवरून म्हणाला. "हे वनपट्ट्याचे अर्ज घेऊन उभे हायत. तुझ्या हापिसासमोर. बघ ना, सगळ्यांच्या हातात कागद हाय."

वारल्यांच्या बोलण्यात 'तुम्ही' जवळजवळ नसतंच, त्यामुळे तहसीलदार असो की मंत्री, काकड्या सगळ्यांना 'तू'च म्हणायचा. साहेब हसले आणि त्याच भिंतीसमोर फोटो काढून गेले. त्यांना राग आला नाही याचंच मला नवल वाटलं. काकड्या मात्र खाली उतरून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कागद लहान काढले मी. दिसले नाय त्याला."

अशी आमची ओळख झाली. पुढे पाच वर्षं मी त्याच्या घरी जात राहिले. त्याची मुलगी नवशी नवरा गेल्यावर बापाकडेच राहायची. ती बिनदुधाचा चहा द्यायची आणि काकड्या ओटीवर बसून पटाशीनं लाकूड कोरता कोरता बोलायचा.

त्याचा बाप राज्या सावकाराच्या वाडीत वेठीला होता. सावकार दिसला की पायातलं काढून, पाठ वाकवून बाजूला उभं राहायचं, असा रिवाज. लाल बावट्याची सभा झाली आणि राज्या तिथे पहिल्यांदा ताठ उभा राहिला, ही गोष्ट काकड्यानं आईकडून ऐकली होती. जन्माच्या आधीची गोष्ट, पण तो अशी सांगायचा की स्वतः तिथे हजर होता. पुढे तोही बावट्यातच वाढला. तरुणपणी गवत कापणाऱ्यांच्या मजुरीसाठी संप झाला तेव्हा अकरा दिवस तुरुंगात होता. तिथे कोळशानं भिंतीवर मोर्चा काढला. शिपायानं त्यालाच चुना फासायला लावला. त्यानं मुकाट्यानं चुना फासला आणि सुकल्यावर पुन्हा मोर्चा काढला.

लाकूडकाम तो आपल्या मामाकडून शिकला. कुणी नारळ घेऊन आलं की वाघदेव कोरून द्यायचा. चित्र काढायला बायकोकडून शिकला. बायजी लग्नघरांच्या भिंतींवर चौक लिहायची. तिच्या हाताखाली तांदळाचं पीठ कालवता कालवता याची बोटं वळली. बायजी २०११ साली तापानं गेली. डहाणूच्या दुकानदारांनी त्याला किती वेळा सांगितलं, ट्रे रंगव, कपबश्या रंगव. त्यानं कधी ऐकलं नाही.

"मी मोर्चा काढणार," तो मला म्हणाला होता, "आणि लोक त्याच्यावर चिवडा ठेवून खाणार. नको."

२०१५ साली त्यानं जुन्या घराची एक सागाची तुळई फाडून तिची फळी केली आणि मोठं काम हातात घेतलं. सात फूट लांब फळीवर चालणारी माणसं. नुसती माणसं नव्हेत, प्रत्येक जण कोणीतरी होता. सगळ्यात पुढे ताठ पाठीचा राज्या. त्यामागे बायजी, डोक्यावर हंडा. मग लंगडत चालणारा शेजारी काळ्या, कडेवर नातू घेतलेली तुळशी, चष्मा लावणारा विनोद. विनोद तेव्हा तिशीचा होता, पाड्यातला पहिला पदवीधर, किसान सभेचं काम करायचा आणि काकड्याला गुरू मानायचा. फळीचं थोडंच काम उरलं असताना २०१८च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईला चालत गेला. सहासष्टाव्या वर्षी काकड्याही गेला. परत आला तेव्हा तळव्यांची सालं निघाली होती. पाय गरम पाण्यात सोडून तो फळीला बसला आणि महिन्याभरात काम पुरं केलं. त्रेचाळीस माणसं, एकोणीस बावटे. माणसं लाकडाच्याच रंगाची, फक्त बावटे लाल. झरीच्या संघटनेच्या कार्यालयात ती फळी लावली तेव्हा काळ्या फळीतल्या आपल्या लंगड्या पायावरून बोट फिरवत रडला होता.

आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल.

त्या मे महिन्यात मुंबईहून दोघं शाळेत आले. एक मुलगी, एक मुलगा, दोघंही बोलायला गोड. आदिवासी कलेवर पुस्तक काढतोय म्हणाले. मीच त्यांना काकड्याकडे नेलं. मला अभिमान होता हो. वाटलं, या माणसाचं काम जगानं बघावं.

काकड्यानं विचारलं, "पुस्तकात बावटं राहतील ना?"

"राहणारच की, बाबा," ती मुलगी म्हणाली.

ते मानधन देत होते, ते त्यानं नाकारलं. एकच अट घातली. "माझं नाव नको. फळीतल्या माणसांची नावं छापा. सगळ्यांची."

मग मी ओटीवर बसून त्रेचाळीस नावं लिहिली. काकड्या सांगत गेला, मी लिहीत गेले. इंग्रजीतला एक फॉर्म होता, दोन पानी. पहिलं पान मी वाचून त्याला समजावलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षर होतं, आणि ऊन वाढत होतं, आणि त्या दोघांना गाडी गाठायची होती. मी म्हटलं, "ठीक आहे, कर सही." त्यानं केली. वळणदार सही करायचा तो. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकला होता.

पुस्तक काही आलं नाही. आम्ही विसरून गेलो. त्यातच नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. भांडी खणखणायची, भिंतींना चिरा जायच्या. शाळा आम्ही मैदानात, आंब्याखाली भरवू लागलो. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागले. त्याच दिवसांत एका नव्या मोठ्या मार्गासाठी जमिनी मोजायची माणसंही फिरायला लागली होती. झरी आणि आसपासच्या पाड्यांनी मोजणीला नकार दिला होता.

२४ जानेवारी २०१९. शिक्षकांच्या बैठकीसाठी मी तलासरीला गेले होते. व्हरांड्यातल्या टेबलावर गुळगुळीत कागदाची पत्रकं रचून ठेवली होती. कुणा खाजगी प्रचारवाल्यांनी त्या मार्गासाठी छापलेली. सहज एक उचललं.

वर काकड्याची फळी होती.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला, हे सांगायलाही लाज वाटते. छापलं वाटतं! मग नीट दिसलं. काळ्या लंगडत होता, तुळशीच्या कडेवर नातू होता, पण बावटे नव्हते. एकही नाही. काठ्यासुद्धा पुसल्या होत्या. वर उचललेले हात तेवढे राहिले होते आणि ते कुणाच्या तरी स्वागताला हलवल्यासारखे दिसत होते. आणि ती सगळी माणसं, राज्यापासून शेवटच्या पोरापर्यंत, एका चकचकीत रुंद मार्गाच्या दिशेनं चालली होती.

मी पत्रक उलटलं. मागे नावं होती. 'विकासाच्या वाटेवर आमच्यासोबत' असं वर मथळा, आणि खाली त्रेचाळीस नावं. मी लिहिली होती त्याच क्रमानं. एका नावात मी घाईत चुकीची वेलांटी दिली होती, तीही तशीच.

भूकंपाचा धक्का बसला असं वाटून मी खांबाला धरलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय झालं? काही हललं नाही." खरंच काही हललं नव्हतं.

बैठक सोडून मी टमटमनं झरीला आले. माझ्या आधी पत्रकं पोचली होती. संघटनेच्या कार्यालयासमोर पन्नासेक माणसं होती. फळी खिळ्यावरून उतरवून अंगणात पालथी टाकली होती. काकड्या ओट्याच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्यासमोर विनोद उभा होता. त्याचा आवाज चिरकला होता.

"कॉम्रेड, काय मिळालं तुला? सांग ना, आमची नावं देऊन काय मिळालं?"

"कसली नावं?" काकड्या म्हणाला.

"आता कसली नावं विचारतोस! माझ्या आईचं नाव हाय त्यात. माझं हाय. आम्ही जमीन द्यायला तयार हाव असं छापलंय."

काकड्यानं हात पुढे केला. विनोदनं पत्रक त्याच्या मांडीवर फेकलं. काकड्याला मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं. तो कागद डोळ्यांजवळ नेई, लांब धरी. मग त्यानं बोट फिरवलं, जसं लाकडावर फिरवायचा तसं, पण कागद गुळगुळीत होता, बोटाला काही लागेना.

"बावटं कुठं हायत?" त्यानं विचारलं.

त्यानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"विनोद, बावटं कुठं हायत रे?"

"तूच सांग," विनोद म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागून लोक पांगले. तुळशी जाताना काकड्यासमोर क्षणभर थांबली, पदर तोंडाला लावला आणि तीही गेली.

मी तिथेच होते. दहा पावलांवर. फॉर्म मी भरला, नावं मी लिहिली, दुसरं पान मी वाचलं नाही, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नवशी येऊन बापाला हाताला धरून घेऊन गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, चहा तिनंच केला होता त्या दिवशी. पालथी फळी अंगणातच राहिली.

दोन दिवस काकड्यानं अन्न घेतलं नाही. नवशी म्हणाली, तो एकच विचारत राहतो, रंग पुसला की लाकूडच कापलं? तिनं सांगितलं, फक्त फोटोतला रंग. तरी त्याला पटेना. शेवटी ती त्याला कार्यालयाच्या अंगणापर्यंत घेऊन गेली, दोघांनी मिळून फळी सुलटी केली आणि त्यानं एकेक बावटा हातानं मोजला. एकोणीस भरले तेव्हा तो पेज प्यायला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा असते. इमारतीत बसायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून शाळेच्या मैदानातच भरली. पत्रकाचा विषय निघणारच होता. मार्गाच्या बाजूनं बोलायला आलेले एक अधिकारीही खुर्चीवर बसले होते. त्यांच्याही हातात तेच पत्रक होतं आणि ते म्हणत होते, "तुमच्याच गावातल्या त्रेचाळीस लोकांचा पाठिंबा आहे, मग हरकत कसली?"

लोक खवळले. "आम्ही नाय दिला पाठिंबा!" "त्या काकड्याला विचारा!"

काकड्या मागे, आंब्याच्या मुळावर बसला होता. उठला. लोक त्याच्याकडे रागानं बघत होते.

"बाय," त्यानं मला हाक मारली. "तू वाच. नावं वाच."

मी पुढे झाले. पत्रक मागच्या बाजूला उलटलं.

"राज्या लखमा वरठा," मी वाचलं.

"मेला," काकड्या म्हणाला. "माझा बाप. एकोणऐंशी साली मेला. पुढचा वाच."

"बायजी काकड्या वरठा."

"मेली. माझी बायको. तिला इथल्या सगळ्यांनी खांदा दिलाय."

मी वाचत गेले. जिवंत माणसाचं नाव आलं की तो नुसता हात करायचा आणि ते माणूस गर्दीतून ओरडायचं, "मी नाय बोलला!" मेलेल्याचं नाव आलं की तो सांगायचा, कधी, कशानं. सापानं, बाळंतपणात, दारिद्र्यानं, म्हातारपणानं. नऊ जण मेलेले निघाले. नवव्या नावाला शाळेच्या घंटेची साखळी वाऱ्यानं हललेली ऐकू आली. अधिकारी उभे राहिले होते. मला वाटतं, त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"साहेब," काकड्या म्हणाला, "माझ्या बापानं वेठीत आयुष्य काढलं. त्याला मरून चाळीस वर्षं झाली. तो तुझ्या रस्त्याला हो बोलायला कधी आला?"

साहेबांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. "मी याची चौकशी करायला सांगतो," एवढंच म्हणाले.

तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. मी सगळ्यांसमोर सांगितलं. मुंबईचे दोघं, फॉर्म, न वाचलेलं दुसरं पान. "काकड्याबाबाची यात काही चूक नाही. चूक माझी आहे." बोलताना मी रडत होते आणि विनोद माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या ओळखीचीच नव्हते.

काकड्या म्हणाला, "कागद बायनं भरला. सही माझी हाय."

पत्रक खोटं असल्याचा आणि मोजणीला नकार असल्याचा ठराव एकमतानं झाला. लोक येऊन काकड्याच्या पाठीवर हात ठेवत होते. विनोदनं त्याचे पाय धरले. मला वाटलं, संपलं. काकड्याला तसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर निघाला. हातात काठी, खांद्याला पटाशीची पिशवी. लोक अंगणातच असायचे, ताडपत्रीखाली. तो समोर बसायचा आणि विचारायचा, "तुला मी न विचारता फळीत घेतलं. ठेवू का काढू?"

लोक हसायचे, लाजायचे. "काय कॉम्रेड! ठेव की." काळ्या तर चिडला. "माझा पाय काढशील तर बघ." पण सगळे असे नव्हते. सात घरांनी काढायला सांगितलं. त्यांना भीती बसली होती, पुन्हा कोणी फोटो काढला, पुन्हा कुठे नाव छापलं, तर? तुळशी जमिनीकडे बघत म्हणाली, "काढ. माझा काढ, पोराचा पण. आमचा एकच तुकडा हाय जमिनीचा."

त्यानं वाद घातला नाही. फेब्रुवारीत एका दुपारी मोठा धक्का बसला, कौलं पडली, त्याच आठवड्यात तो कार्यालयाच्या अंगणात फळी घेऊन बसला आणि ती माणसं तासून काढली. जी तीन वर्षं कोरली होती ती. मी समोर उभी होते. तुळशीच्या कडेवरचा नातू शेवटी राहिला. पटाशी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग एका ठोक्यात काढला. ढलप्या त्यानं गोळा करून फडक्यात बांधल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले. "मला काय शिक्षा देशील ती दे."

"तुला कशाला?" तो म्हणाला. "तू फळीत नव्हतीस."

त्याच्या मनात काही नव्हतं, तो खरं तेच बोलला होता. पण पाच वर्षं त्या ओटीवर बसलेली मी, ते ऐकून घरापर्यंत कशी आले मला आठवत नाही.

एप्रिलमध्ये ज्यांनी पत्रक छापलं त्यांचं पत्र आलं. विनोदनं ते वाचून दाखवलं. 'तांत्रिक चुकीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

"चूक कोणामुळे झाली बोलतात?" काकड्यानं विचारलं.

"तांत्रिक."

"तो कोण?"

विनोदनं समजावलं. काकड्यानं पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि सही कुणाची आहे ते विचारलं. सही नव्हती. छापील शिक्का होता.

जूनमध्ये माझी बदली चिंचणीला झाली. जायच्या दिवशी काकड्या शेतावर होता, भेट झाली नाही. डिसेंबरमध्ये नवशीचा फोन आला, बाबाचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दिसायला लागलंय, येऊन जा. मी गेले. कार्यालयात फळी पुन्हा लावलेली होती. सात ठिकाणी लाकूड खोलगट, फिकं, रांग तिथे तिथे तुटलेली. लोक तिच्याकडे न बघता आत-बाहेर करत होते.

काकड्या ओटीवर शिवणीच्या ओंडक्याशी बसला होता. एवढी वर्षं त्याची माणसं बाजूनं दिसायची, चालणारी, चेहऱ्याला नाक-डोळे नसलेली. या ओंडक्यात एक चेहरा समोर बघत होता. रुंद कपाळ, चष्मा, ओठ मिटलेले. विनोद होता.

"हे असं का, बाबा?" मी विचारलं.

"बाजूनं काढली की त्यांना कुठल्या पण दिशेला चालवता येतं," तो म्हणाला. "हा बघ. हा कुठं जात नाय. उभा हाय." मग गडद चष्म्याआडून त्यानं माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बघत होता. "बाय, तुझे केस पांढरे झाले. मला कोणी सांगितलं नाय."

विनोदला विचारूनच कोरलंय का, ते मी विचारलं. विचारलंय, नवशी आतून म्हणाली, तीन वेळा विचारलंय, कंटाळलाय तो बिचारा.

तिनं चहा आणून ठेवला. काकड्यानं पटाशी उचलली आणि चष्म्याची दांडी कोरायला घेतली.